प्रोसेसर बदलण्यापूर्वी मदरबोर्ड ओळखावा

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर बदलायचे मनात आले, की आधी मदरबोर्डचे (प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डचे) नाव आणि मॉडेल क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि मगच वाशीच्या सेक्टर १७मधील किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरील संगणक-बाजाराची वाट धरावी. नवा प्रोसेसर बसेल का, बसला तर चालेल का आणि चालला तर पुढे किती वर्षे उपयोगी पडेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बोर्डावर अवलंबून असतात. ठाणे आणि नवी मुंबईतील घरांत, शिकवणी वर्गांत आणि छोट्या कार्यालयांत इंटेलच्या तिसऱ्या पिढीपासून चौदाव्या पिढीपर्यंतचे संगणक आज एकाच वेळी वापरात आहेत. त्यामुळे शेजाऱ्याला लाभलेला सल्ला आपल्या यंत्राला लागू पडेलच, असे धरून चालू नये.

बोर्डची माहिती काढण्यासाठी विंडोजमधील ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडावे; तेथे बेसबोर्डचे (म्हणजे मदरबोर्डचे) मॉडेल तसेच बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डवरील प्रोग्रामची, आवृत्ती आणि तारीख मिळते. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रामही हीच माहिती अधिक नीट मांडून दाखवतो. संगणक सुरूच होत नसेल, तर कॅबिनेटची बाजू उघडावी. बोर्डवर, बहुधा प्रोसेसरच्या खालच्या भागात, मॉडेलचे नाव ठळक छापलेले असते. त्यानंतर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी पाहावी. कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, हे त्या यादीत ओळीने दिलेले असते. या बाबतीत मी ती यादीच अंतिम मानतो. दुकानदाराने दिलेला तोंडी भरवसा तिची जागा घेऊ शकत नाही.

खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर प्रोसेसरचाच आहे ना, हेही तपासावे. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांवर टेकत असेल आणि संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने जो फरक पडेल तो कोणत्याही प्रोसेसरने पडणार नाही. रॅम भरून जात असेल, तर आधी रॅम वाढवावी. चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसरचा एकूण वापर २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो आणि तरीही काम अडते, तेव्हा एकच कोअर पूर्ण भारावर चालत असण्याची शक्यता असते. हिशेबाचे अनेक जुने प्रोग्राम असेच वागतात. तेथे कोअरची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक कोअर अधिक वेगवान असलेला नव्या पिढीचा प्रोसेसर उपयोगी पडतो. लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांची गरज याच्या उलट असते, कारण त्यांच्या कामात सगळे कोअर एकदम राबतात.

आता पिढीविषयी. आय-३, आय-५, आय-७ ही नावे फक्त एकाच पिढीतील थर दाखवतात. दोन वेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून करता येत नाही. सातव्या पिढीच्या आय-७ ७७०० मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ओळी) होते. २०२० साली आलेल्या आय-३ १०१०० मध्येही तेवढेच आहेत आणि दोघांचा वेग जवळजवळ सारखा आहे. आय-३ १२१०० मध्ये कोअर चारच असले, तरी तो त्या जुन्या आय-७ला स्पष्टपणे मागे टाकतो. म्हणून जाहिरातीत नुसते ‘आय-७ संगणक’ असे लिहिलेले असेल, तर पूर्ण क्रमांक मिळेपर्यंत त्यास काहीही किंमत देऊ नये. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिच्या रायझन प्रोसेसरच्या क्रमांकांतही फसगत होऊ शकते: रायझन ५ ३४००जी हा नावाने ३००० मालिकेतला असला, तरी त्याची अंतर्गत रचना २००० मालिकेतील झेन प्लस हीच आहे.

क्रमांकापुढील अक्षरही वाचावे. इंटेलच्या प्रोसेसरमागे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसते, म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तो बसवला की पडदा काळाच राहतो. ‘के’ म्हणजे वेग वाढवण्यास मोकळा प्रोसेसर, ज्याच्याबरोबर अलीकडच्या पिढ्यांत कूलर मिळत नाही. ‘टी’ म्हणजे ३५ वॉटचा, कमी तापणारा आणि तेवढाच मंद. एएम-४ या सॉकेटवरील (सॉकेट म्हणजे बोर्डवरील प्रोसेसर बसण्याची जागा) रायझनमध्ये उलट नियम आहे: ग्राफिक्स हवे असेल तर ‘जी’ अक्षर पाहून घ्यावे.

इंटेलच्या बोर्डांबाबत सर्वाधिक घोटाळा सॉकेटमुळे होतो. दुसरी आणि तिसरी पिढी एलजीए ११५५ सॉकेटवर बसते, चौथी ११५० वर, सहावी आणि सातवी ११५१ वर. आठवी आणि नववी पिढीसुद्धा ११५१ वरच बसते. पण २०१७ साली आठव्या पिढीबरोबर विजेच्या पिनांची मांडणी बदलल्यामुळे तिला ३०० मालिकेचाच चिपसेट (बोर्डवरील जोडण्या सांभाळणारी चिप) लागतो. त्यामुळे एच-११० किंवा बी-२५० या आधीच्या चिपसेटच्या बोर्डवर आय-५ ८४०० बसतो खरा, पण अधिकृतपणे चालत नाही, आणि नेमके हेच प्रोसेसर ‘सॉकेट तोच आहे’ असे सांगून विकले जातात. दहावी आणि अकरावी पिढी एलजीए १२०० वर आहे, मात्र एच-४१० आणि बी-४६० या चिपसेटना इंटेलने अकराव्या पिढीसाठी मान्यता दिली नाही. बारावी, तेरावी आणि चौदावी या तिन्ही पिढ्या एलजीए १७०० वर बसतात. यातील काही बोर्डांना डीडीआर-४ रॅम लागते, काहींना डीडीआर-५, आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हा नवा सॉकेट आहे आणि तो फक्त डीडीआर-५ स्वीकारतो.

सॉकेट जुळला, चिपसेट जुळला, तरी एक मोठी अट उरते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) बरोबरच इंटेलची किमान आठवी पिढी, किंवा एएमडीची बहुतांशी रायझन २००० मालिका आणि त्यापुढील प्रोसेसर, अशी मर्यादा घातली आहे. सातव्या पिढीतील अगदी मोजके अपवाद सोडले तर त्याआधीचे इंटेल प्रोसेसर यादीत नाहीत. म्हणून एच-११० बोर्डवरील आय-३ ६१०० काढून तेथे वापरलेला आय-७ ७७०० बसवण्यास मी आज कोणालाही सांगणार नाही. वेग वाढेल, परंतु विंडोज ११चे दार बंदच राहील आणि चार-पाच हजार रुपये अशा बोर्डमध्ये अडकतील ज्याला पुढची पायरीच नाही. त्या संगणकावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून तो अभ्यासासाठी आणि पत्रव्यवहारासाठी वापरता येतो. त्याकरिता जुना प्रोसेसरही पुरतो.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांसाठी चित्र फार वेगळे आहे आणि त्यांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार अवश्य करावा. मार्च २०१७ मध्ये रायझन १००० मालिका आली, आणि २०२२ साली एएमडीने ए-३२०, बी-३५० व एक्स-३७० या पहिल्या चिपसेटनाही ५००० मालिकेची परवानगी दिली. म्हणजे २०१७ साली रायझन ३ १२०० सह घेतलेल्या बोर्डवर, कंपनीने बायोस दिला असल्यास, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा रायझन ५ ५६०० बसू शकतो. रॅम, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय सगळे तेच राहते. मूळ प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नव्हता, नवा आहे. एकाच बदलात वेग आणि पुढची वर्षे दोन्ही मिळतात. रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात एल-३ कॅश (प्रोसेसरमधील वेगवान स्मृती) १६ एमबी आहे, तर ५६०० मध्ये ३२ एमबी. खेळांसाठी घ्यायचा असेल तर हा फरक जाणवतो आणि वरचे पैसे देणे योग्य ठरते. आठ कोअर हवे असतील तर ५७००एक्स ६५ वॉटमध्येच काम भागवतो, मात्र त्याच्याबरोबर कूलर येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी, त्याच्या ९६ एमबी एल-३ कॅशमुळे, खेळांत आजही उत्तम आहे. पण तो १०५ वॉटचा असल्याने वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेल्या स्वस्त ए-३२० बोर्डवर त्याला बसवू नये. ठाण्याच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, असा बोर्ड तापून प्रोसेसरचा वेग आपोआप खाली आणतो.

बोर्डच बदलायचे ठरले, तर प्रोसेसर, बोर्ड आणि बहुधा रॅम असा एकत्रित हिशेब करावा. हाताशी चांगली डीडीआर-४ रॅम असेल, तर एलजीए १७०० चा डीडीआर-४ बोर्ड आणि आय-५ १२४०० हा मला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार वाटतो. सगळेच नवे घ्यायचे असेल आणि पाच वर्षांनी पुन्हा केवळ प्रोसेसर बदलण्याची इच्छा असेल, तर एएम-५ निवडावा. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. कूलरचाही विचार करावा: एलजीए ११५५ पासून १२०० पर्यंतच्या कूलरची छिद्रे एकाच अंतरावर आहेत, १७०० ची मात्र वेगळी आहेत, त्यामुळे जुना कूलर वापरायचा तर नवा ब्रॅकेट लागतो.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर घेताना विशेष सावधगिरी हवी. या पिढ्यांतील आय-७, आय-९ आणि ‘के’ प्रकारच्या वरच्या आय-५ मध्ये जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचा खराब होण्याचे प्रकार घडले. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड (बायोसमधून मिळणारी प्रोसेसरची अंतर्गत आज्ञावली) दिला आणि बाधित बॉक्स्ड प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. परंतु आधीच झालेली हानी बायोस बदलून भरून निघत नाही. म्हणून असा माल पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये.

आयटी कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, आणि जसेच्या तसे वापरण्यासाठी ते ठीक असतात. पुढे प्रोसेसर बदलण्याच्या हेतूने मात्र ते घेऊ नयेत, कारण त्यांचा बायोस मोजकेच प्रोसेसर ओळखतो, पॉवर सप्लायची जोडणी अनेकदा प्रमाणित नसते, आणि काही यंत्रांतले रायझन प्रो प्रोसेसर त्याच कंपनीच्या बोर्डला कायमचे बांधलेले असतात. असा बांधलेला रायझन प्रो सुटा विकायला आला, तर तो आपल्या बोर्डवर सुरूच होणार नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर आज बोर्डला डाखलेलाच असतो. तेथे हा विषय संपतो.

प्रत्यक्ष बदल करताना क्रम पाळावा. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा, आणि तेही यूपीएसवर. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली, तरी अर्धवट लिहिलेला बायोस बोर्ड निकामी करू शकतो. बायोससोबतची सूचना पूर्ण वाचावी, कारण बायोसची चिप १६ एमबीची असलेल्या काही एएम-४ बोर्डांवर नव्या प्रोसेसरना जागा करण्यासाठी जुन्यांचा पाठिंबा काढलेला असतो. त्याआधी, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवावी आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवावा. प्रोसेसरमधील टीपीएम बदलला की विंडोज ती की मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरील सगळे काम कुलूपबंद होते. या कामात याहून महाग पडणारी दुसरी चूक मला माहीत नाही.

एएम-४ वर कूलर कधीही सरळ वर ओढू नये. वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) प्रोसेसरला धरून ठेवते, प्रोसेसर बंद सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक पंधरा-वीस मिनिटे चालवून प्रोसेसर गरम करावा, मग संगणक बंद करून वायर काढावी आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा. इंटेलमध्ये आणि एएम-५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. तेथे प्रोसेसर दोन कडांनी धरून सरळ खाली ठेवावा आणि सॉकेटला बोट लावू नये. त्रिकोणी खूण जुळली की दाब न देता प्रोसेसर बसतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी आणि कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत.

पहिल्यांदा सुरू करताना काही रायझन बोर्ड नवा प्रोसेसर दिसल्याचे सांगून एफटीपीएम (प्रोसेसरमधील टीपीएम) रीसेट करायचे का, असे विचारतात. बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी असेल तरच ‘वाय’ दाबावे. नंतर बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी (जाहीर केलेला जास्तीचा) वेग आणि पंख्याची मांडणी पुन्हा तपासावी, कारण बायोस बदलताना त्या मूळ पदावर गेलेल्या असतात. अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान पाहावे. ते ९० अंशांच्या वर जाऊन तेथेच राहत असेल, तर बहुतेक वेळा कूलर नीट बसलेला नसतो, आणि तो काढून पेस्ट पुन्हा लावावी. जुना प्रोसेसर महिनाभर तरी विकू नये: नवा सदोष निघाला, तर दोष बोर्डचा की प्रोसेसरचा हे ठरवण्यासाठी तोच लागतो, अर्थात बदललेला बायोस त्याला अजून ओळखत असला पाहिजे.