ड्रायव्हरला हात लावायच्या आधी

उबुंटू लिनक्सवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकायला बसताय ना, मग आधी वही आणि पेन घ्या. हसू नका, स्क्रीन काळी झाली की सेव्ह करून ठेवलेल्या नोट्स त्या काळ्या स्क्रीनच्या आतच अडकतात, आणि तेव्हा मोबाइलवर शोधत बसलं तर पाच जण पाच कमांडी सांगतात, त्यातल्या निम्म्या कुठल्यातरी जुन्या व्हर्जनच्या.

वहीत पहिलं कार्डाचं नाव. टर्मिनलमधे एलएसपीसीआय मारा आणि व्हीजीए किंवा थ्रीडी लिहिलेल्या ओळी बघा. तिथे फक्त इंटेल नाहीतर एएमडी दिसलं तर सुटलात, त्यांचे ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) यांच्यासोबतच येतात, सिस्टिम अपडेट ठेवा आणि चहा प्या. एनव्हिडिया असेल तर मॉडेल नीट लिहा, कारण जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर चालतोच असं नाही. केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांची गाडी 470 नंबरच्या ड्रायव्हरला थांबली, जीटीएक्स 10 वाल्यांची 580 ला, आणि नंबर मोठा दिसतोय म्हणून पुढचा टाकला तर तो कार्डाला ओळख दाखवत नाही. उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस ही कमांड चालवली की एका नावापुढे रेकमेंडेड येतं, तोच घ्यायचा. वेबसाइटवरून डॉट रन फाइल उतरवायचा मोह आवरा, अ‍ॅप्टला (उबुंटूत पॅकेजेस टाकणारं-काढणारं साधन) तिचा पत्ता नसतो आणि पुढे कर्नल बदलला की बहुतेक वेळा तुम्हालाच निस्तरावं लागतं. आधी कधी टाकली असेल तर एनव्हिडिया-अनइन्स्टॉलने ती काढून मगच पुढे जा.

आता सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू होताना आत न घेणारं कुलूप, इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. मोकयुटिल डॅश डॅश एसबी-स्टेट मारलं की ते चालू आहे की बंद ते कळतं. चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला लावतात, आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल मोक (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. भाच्याच्या लॅपटॉपवर ही निळी स्क्रीन आली तेव्हा मला वाटलं काहीतरी भलतंच आहे, घाईत कंटिन्यू बूट दाबलं आणि मोकळा झालो. झालं, ड्रायव्हर बसलेला पण कर्नल त्याला आत घेईना, लॅपटॉप इंटेलवर मजेत चालतोय, एचडीएमआयला लावलेला टीव्ही मात्र ठार काळा, आणि मी दोन तास केबल बदलतोय! (बऱ्याच लॅपटॉपमधे एचडीएमआयचं पोर्ट एनव्हिडियाच्याच चिपला जोडलेलं असतं, हे तेव्हा कळलं.) तुमच्याकडून असं झालं तर स्लॅश व्हार स्लॅश लिब स्लॅश शिम-साइन्ड स्लॅश मोक या फोल्डरातली मोक डॉट डर फाइल मोकयुटिलने पुन्हा इम्पोर्ट करा आणि रीस्टार्ट. पासवर्ड साधा ठेवा, नुसते आकडे चालतील, त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन लेआउटचा असतो, चिन्हं घातलीत तर भलतीच उमटतात.

टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची प्रत, घ्या. त्यात तुमचं होम फोल्डर सहसा धरलेलं नसतं, फोटो आणि प्रोजेक्ट वेगळ्या पेनड्राइव्हवर. डीएफ डॅश एच मारून बूट पार्टिशन (जिथे कर्नल ठेवलेला असतो) भरलंय का बघा. चार्जर लावा, शिवाय बॅटरीही भरलेली हवी, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. फोनची यूएसबी केबल हाताशी असू द्या, वायफाय रुसलं तर टेदरिंगने नेट मिळतं.

मग परतीचा रस्ता, हा वहीत ठळक अक्षरात. चालू करताना एस्केप, जुन्या बायॉसवर शिफ्ट, म्हणजे ग्रब (कुठला कर्नल चालू करायचा ते विचारणारा मेनू) दिसतो, आणि तो एकदा आत्ताच उघडून बघा, कारण एस्केप जास्त वेळा दाबलं तर थेट ग्रबच्या कमांडवर जाऊन पडता. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधे आधीचा कर्नल असतो, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नाहीच झालं तर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवून साधी स्क्रीन) लिहा आणि एफ10 दाबा. हे त्या एका बूटपुरतंच असतं, घाबरायचं काही नाही. पडदा काळा पण मशीन जिवंत असेल तर कंट्रोल ऑल्ट एफ3 ने साधी कन्सोल, म्हणजे नुसत्या अक्षरांची स्क्रीन, मिळते. डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर तिथे देवनागरीच्या जागी चौकोन दिसतील, कन्सोलला आपली लिपी मांडता येत नाही, तेव्हा लँग इक्वल टू सी (LANG=C) लिहून मग कमांड द्या, उत्तरं इंग्रजीत येतील पण वाचता तरी येतील. जर्नलसीटीएल डॅश बी डॅश 1 हे पण लिहून ठेवा, मागच्या बूटला नेमकं काय बिनसलं ते त्यात असतं. अगदी सगळं उखडायची वेळ आली तर एनव्हिडियाची पॅकेजेस अ‍ॅप्ट पर्जने काढा, नुवो हा मोकळा ड्रायव्हर आपोआप ताबा घेतो. कंपनीची मदत नसताना लोकांनी उलगडून लिहिलेला हा ड्रायव्हर 2010 पासून कर्नलमधे आहे, गेमला मंद असेल पण स्क्रीन दाखवतो.

एवढं झालं की टाका. रीस्टार्टनंतर एनव्हिडिया-एसएमआयने तक्ता दाखवला तर ड्रायव्हर लागला. जीएलएक्सइन्फो कमांडच्या रेंडरर ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं तर मात्र सगळं चित्र अजून प्रोसेसरच काढतोय, वही उघडा आणि पहिल्यांदा सिक्युअर बूटचं पान बघा.