फराळ विकताय? मग आधी विचारा, कोणासाठी घेताय

घरगुती फराळाच्या पोस्ट बघा, सगळीकडे तेच, शुद्ध तेल, उत्तम क्वालिटी, होममेड, किलोचा रेट आणि फोन नंबर. चूक काहीच नाही, पण सगळेच हे लिहितात म्हटल्यावर गिऱ्हाईक नुसता रेट बघतं आणि मग तुम्ही रेट पाडत बसता. चकली चांगली हवीच, ते धरूनच चालतात लोक. ती घेताना मनात काय असतं ते पकडायचं.

एकाच चकलीची तीन गिऱ्हाईकं बघा. एक आई, मुलगा न्यू जर्सीला, तिला वाटतं पहिल्या आंघोळीनंतर पोराच्या पुढ्यात घरचं काहीतरी यावं. दुसरी नोकरी करणारी, वेळ अजिबात नाही पण "यंदा सगळं विकतचं" हे ऐकायला नको वाटतं. तिसरे आजी-आजोबा, हात चालत नाहीत, पण घरी आलेल्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं?

तिघांना एकच मेसेज फॉरवर्ड करू नका. आईला भेसळ नाही वगैरे सांगण्यापेक्षा डबा कसा पॅक करता त्याचा फोटो पाठवा, चकल्या उभ्या लावलेल्या, मध्ये कागद, करंजीत सुकं खोबरं म्हणजे ती प्रवासात टिकते, आणि दिवाळीच्या आधी पोचायला ऑर्डर कधीपर्यंत द्यायची ते ठळक लिहा, कारण तिची खरी धास्ती उशिराची आणि चुऱ्याची असते. नोकरीवालीला फराळासोबत अर्धा किलो भाजणी द्या आणि लिहा, "बाकीचं आमच्याकडे सोपवा, चकलीचा एक घाणा मुलांना सोऱ्या धरायला देऊन घरीच काढा." मला ही आयडिया फार आवडते कारण तिला हवं असतं ते घरातला तळणीचा वास आणि पोरांची लुडबुड, ते तिला खरंच मिळतं. आजींसाठी छोटी पाकिटं करा, पाव-पाव किलोची, येणाऱ्याच्या हातात द्यायला.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. 90च्या दशकातली कॅडबरीची ती क्रिकेटची जाहिरात आठवा, सिक्स बसतो आणि ती मुलगी नाचत मैदानात घुसते, चॉकलेट मोठ्या माणसांनीही खायचं असतं हे तिने लोकांच्या गळी उतरवलं, आणि दूध-कोकोचं गुणगान न करता.

आता हे कळणार कसं? ऑर्डर घेताना किती किलो विचारायच्या आधी "कोणासाठी घेताय?" एवढं विचारा आणि गप्प बसा, लोक आपणहून बोलतात. जे बोलतील ते त्यांच्याच शब्दात वहीत उतरवा. "आईच्या हातची आठवण आली" असं चार जणींनी म्हटलं तर तेच पोस्टचं पहिलं वाक्य, फक्त कोणाचं नाव नाही टाकायचं.

एक मात्र कटाक्षाने पाळा, दुखऱ्या जागेवर बोट ठेवून विकू नका. "मुलांना घरचा फराळही देऊ शकत नाही?" असलं लिहिलेलं मी वाचलंय, मला चीड येते, ती बाई आधीच दमलेली असते. आणि तयार पिठाची चकली असेल तर "घरी भाजलेली भाजणी" लिहू नका, पहिल्या घासाला कळतं ते.

दिवाळी झाली की डबा ज्याच्यासाठी गेला त्याची खबर घ्या, म्हणजे आईला फोन करून विचारा मुलाने आधी काय संपवलं, आणि पुढच्या वर्षी तिच्या डब्यात तेच जास्त भरा.