वचन देवाचं, घाई आपली: मंडळीत होणाऱ्या या चुका टाळा

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपत आली की मुंबईतल्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधली वचनं छापलेल्या कार्डांचा ट्रे फिरतो. डोळे मिटून एक कार्ड उचलायचं, वाचायचं, शेजारच्याला दाखवायचं. वर्षभर ते फ्रिजवर नाहीतर मोबाइलच्या कव्हरमध्ये राहतं. या प्रथेला माझा विरोध नाही. पण जानेवारी सरेपर्यंत त्याच कार्डाचं काय होतं ते बघा. ‘देवाने वचन दिलंय’ या वाक्याला हळूच ‘म्हणून आता आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे’ अशी शेपटी जोडली जाते. घोटाळा तिथून सुरू होतो, आणि त्याची किंमत बहुधा भलताच कोणीतरी मोजतो. या भलत्या माणसाकडे लक्ष ठेवून पुढचं वाचावं.

वचन उचललं, पत्र वाचलंच नाही

सगळ्यात जास्त वाट्याला येणारं कार्ड म्हणजे यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरताना, मुलाच्या अ‍ॅडमिशनला, रीडेव्हलपमेंटमध्ये अडकलेल्या खोलीसाठी, सगळीकडे हेच वचन धरलं जातं.

मुळात हा एका पत्राचा भाग आहे. यरुशलेमेहून यिर्मया संदेष्ट्याने ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना धाडलं. अकराव्या वचनाच्या अलीकडच्याच ओळीत मुदत सांगितली आहे: ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतली बहुतेक मोठी माणसं परतीची वाट बघत बाबेलातच मरणार होती. त्याआधी सूचना आहेत: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पोटापाण्यासाठी कोकण, देश, मराठवाडा सोडून मुंबईत आलेल्या आपल्या मंडळ्यांना खरं तर हा भाग जास्त जवळचा वाटायला हवा. तो कार्डावर येत नाही.

त्याच्या आधीचा अध्याय तर कोणी उघडतच नाही. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोनच वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना ते आवडलं असणार, कोणाला आवडणार नाही? यिर्मयासुद्धा आधी ‘आमेन, तसंच होवो’ म्हणतो. पण देवाने दिलेली मुदत ती नव्हती, आणि हनन्या त्याच वर्षी मेला. त्याच्या शब्दावर बोचकं बांधून बसलेल्यांनी घरं बांधली नसती, मळे लावले नसते, आणि भोगलं असतं त्यांच्या मुलांनी.

उपाय सोपा आहे. कार्ड मिळाल्यावर घरी जाऊन तो अख्खा अध्याय वाचा, जमलं तर मागचा-पुढचाही. वचन कोणाला दिलंय, कशासाठी दिलंय, मुदत काय, हे कळलं की त्यातलं आपल्या वाट्याचं किती तेही कळतं. देवाने न दिलेल्या वचनावर विसंबून राहिलात तर तो खोटा ठरत नाही, पण तुमचा मुलगा मात्र ‘देवाने शब्द मोडला’ असं धरून मंडळी सोडतो.

देवाला हातभार

ही खरी मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबू.

अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. संततीचं वचन मिळालं, आणि कनानात दहा वर्षं गेली तरी पाळणा हलला नाही. मग त्याची बायको साराय हिने तोडगा काढला: माझी मिसरी दासी हागार हिच्यापाशी जा. त्या काळच्या रूढीत यात वावगं काही नव्हतं. वचनावरचा विश्वास दोघांनीही सोडलेला नव्हता, उलट वचन खरं व्हावं म्हणूनच हा खटाटोप होता. म्हणून तर ही चूक ओळखायला अवघड. अविश्वासू माणूस ती करतच नाही, ती उत्साही विश्वासणाऱ्याच्या हातून होते. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा. पुढे त्याच्या ९९ व्या वर्षापर्यंतचं शास्त्रात काही नाही, उत्पत्तीचा सोळावा अध्याय संपतो आणि सतरावा थेट तेरा वर्षांनी उघडतो. वचनातला मुलगा इसहाक सारायच्याच पोटी आला तेव्हा बाप १०० वर्षांचा होता.

या सगळ्यात हागारेला कोणी काही विचारलं? अध्याय काळजीपूर्वक वाचला तर दिसतं की अब्राम आणि साराय तिच्याविषयी बोलतात, पण तिचं नाव घेऊन तिला हाक मारतो तो वाळवंटातल्या झऱ्यापाशी भेटलेला परमेश्वराचा दूत. आपल्याकडे फसलेल्या सेवाकार्याला सर्रास ‘तो इश्माएल निघाला’ असं म्हणतात, ते मला खटकतं. पोराचा काय दोष होता? देवाने त्यालाही आशीर्वाद दिला आणि त्याच्यापासून बारा सरदार होतील असं सांगितलं.

आता मंडळीत या. गिरगाव, भायखळा, परळ भागातल्या जुन्या मंडळ्यांची कुटुंबं विरार, कल्याण, बदलापूरकडे गेली. रविवारी मेगाब्लॉक असला की बाकं निम्मी रिकामी. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी मत्तय १६:१८ काढतो: येशू म्हणाला, मी माझी मंडळी रचीन. सगळे ‘आमेन’ म्हणतात, आणि पुढच्याच मिनिटाला ती रचण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतात. वर्धापनदिन, संगीत महोत्सव, बाहेरून वक्ता, नवीन साउंड सिस्टिम, यूट्यूबवर लाइव्ह. ‘या वर्षी शंभर नवीन सभासद’ असा फलक.

हे कोण करणार? प्रत्येक मंडळीत एक मुलगी असते. वय तेवीस-चोवीस, अंधेरीला नोकरी. शनिवारी संध्याकाळी लोकलमधून उतरून ती थेट चर्चमध्ये येते आणि ‘उपासना संगीत’मधली गाणी स्लाइडवर टाईप करते. रविवारी आठला संडे स्कूल, दहाला की-बोर्ड, बाराला पाहुण्यांचे वडे-चहा, तीनला तरुण संघ. एखाद्या रविवारी आली नाही तर ‘हल्ली प्रभूपासून जरा दूर गेलीय’ अशी कुजबुज. दोन वर्षांत ती दुसऱ्या मंडळीत जाते किंवा कुठेच जात नाही. मग कमिटी दुसरी मुलगी शोधते.

चाललेलं काम वचनावर उभं आहे की आपल्या घाईवर, हे तपासायचं तर आधी हागार शोधा. ज्याला विचारलं नाही, ज्याला नाही म्हणायची सोय नाही, आणि ज्याच्याशिवाय कार्यक्रम एक दिवस उभा राहणार नाही, असं माणूस सापडलं तर कार्यक्रम कितीही आत्मिक वाटो, तिथे थांबून विचार करा. दुसरी खूण म्हणजे तो बंद करायचा विषय काढताच लोक चिडतात.

उपास मोजणे

२१ दिवसांचा उपास, साखळी प्रार्थना, पहाटे चारची मध्यस्थी. चांगल्या गोष्टी आहेत, मी स्वतः साखळी प्रार्थनेत बसतो. बिनसतं कधी? टॅक्सीचं मीटर बघावं तसं आपण दिवस बघू लागतो आणि एवढे झाले, आता देवाने उतरवायला हवं, असा हिशेब मनात चालू होतो तेव्हा.

यावर शास्त्रात एक विलक्षण प्रसंग आहे. उत्पत्ती १५. देव अब्रामाला कालवड, शेळी, एडका, होला आणि पारव्याचं पिलू आणायला सांगतो. मोठी जनावरं चिरून अर्धी-अर्धी समोरासमोर मांडायची. करार असाच व्हायचा: करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे शब्द मोडला तर आमचंही असंच होवो. अब्रामाने सगळं मांडलं. गिधाडं उतरू लागली, ती त्याने हाकलली. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली. आणि अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. गेलं ते एवढंच. अब्राम चालला नाही, त्याला चालायला सांगितलंही नव्हतं. कराराचा सगळा भार एकाच पक्षाने, देवाने, उचलला.

प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच समजावतो. मोशेचं नियमशास्त्र वचनानंतर ४३० वर्षांनी आलं, नंतर आलेलं आधीचं वचन रद्द करू शकत नाही. मग अट पुरी केल्यावर वचन लागू होतं, हे आपण कुठून काढलं?

या हिशेबाची किंमत मोजणारा बहुधा अंथरुणावर असतो. प्रार्थना झाली, तेल लावलं, ताप उतरला नाही. तेव्हा ‘विश्वास कुठेतरी कमी पडला’ हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी बसून बोललं जातं. केईएम किंवा टाटाच्या वॉर्डात रात्र काढलेल्या माणसाला ते काय करतं, हे बोलणाऱ्याला कळत नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. त्याला मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कोणी धजत नाही.

दशमांशाची गुंतवणूक

थोडक्यात सांगतो. मलाखी ३:१० मध्ये दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणायला आणि मग देव आशीर्वाद ओततो की नाही ते बघायला सांगितलंय. ते वाचून ‘इतके द्या, इतके पट मिळेल’ असं शिकवू नका. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर आणणाऱ्या याजकांची कानउघाडणी आहे, आणि ती वाचताना दानपेटी भरणाऱ्यांआधी ती सांभाळणाऱ्यांनी सावध व्हावं. घरकाम करणाऱ्या बाईने पगारातले हजार रुपये आशीर्वादाच्या आशेने दिले आणि महिनाअखेरीला उसने मागितले, तर तो हिशेब मंडळीच्या वहीत लागतो.

मग हातावर हात ठेवायचे?

ही उलटी चूक. अभ्यास न करता परीक्षेत वचन धरायचं, इन्शुलिन बंद करायचं, ‘प्रभू बघेल’ म्हणून चर्चच्या गळक्या छपराकडे बघत बसायचं. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला ‘खाली उडी टाक’ म्हणत वचनच ऐकवलं होतं, तेही ९१ वं स्तोत्र. येशूने उडी मारली नाही. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात लोक प्रार्थना करतात आणि लगेच रात्रंदिवस पहारा बसवतात. त्याच ओळीत दोन्ही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायचा हुकूम निघाला. तेव्हा त्यांनी गुपचूप मुंबई सोडली आणि जहाजाने कोचीन गाठलं, पुढे सिलोनला निसटायचा बेत होता. पकडून त्यांना परत आणलं, आणि आधीच पेचात असलेले गव्हर्नर सर इव्हान नेपियन आणखी नाराज झाले. त्यानंतर त्यांनी गव्हर्नरला उघडपणे आपली बाजू लिहून कळवली. हॉलचं ते पत्र प्रसिद्ध आहे. तिकडे लंडनमध्ये कंपनीचे एक संचालक चार्ल्स ग्रँट यांनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला, आणि शेवटी राहायची परवानगी मिळाली. लंडनमधलं हे काही त्यांच्या हातात नव्हतं. पळून जाणं हाही प्रयत्न होता आणि पत्र लिहिणं हाही. एकात वचन आपल्या चलाखीने तडीस न्यायची धडपड होती, दुसऱ्यात आपलं म्हणणं मांडून निकाल देवावर सोडला होता. पुढे ते मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना आला. अब्रामाने गिधाडं हाकलली तेवढं काम माणसाच्या वाट्याला असतंच, आणि त्यात संध्याकाळपर्यंतचा वेळ जातो.

हॉल १८२६ साली पटकीने गेला. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे अगदीच थोडे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला, तो याच मिशनच्या मंडळीत. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय अशाच माणसांबद्दल आहे, वचनफळ न पाहता गेलेल्या. वार्षिक अहवालात ‘यंदाची फलश्रुती’ असा रकाना ठेवणाऱ्या कमिट्यांनी तो अध्याय बैठकीआधी वाचावा.

घाईतलं काम आधीच उभं राहिलं असेल तर

लोक हे विचारत नाहीत, पण अडचण इथेच असते. चूक लक्षात आली की कमिटी एका ठरावाने सगळं गुंडाळते. अब्राहामाने भाकर आणि पाण्याची मसक देऊन हागारेला बैर-शेबाच्या रानात लावून दिलं, आणि पाणी संपलं. देवाने मुलाचा आवाज ऐकला म्हणून ते वाचले, अब्राहामाच्या शिदोरीमुळे नाही.

तेव्हा कार्यक्रम बंद करण्याआधी तो ओढणाऱ्या मुलीला समोर बसवून विचारा की तिला काय चालू ठेवावंसं वाटतं. तिचे साउंडवाल्याला स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे आधी परत करा. संडे स्कूलची मुलं तिच्याशी जोडलेली असतील तर तेवढंच तिच्याकडे राहू द्या, तेही तिने हो म्हटलं तर. आणि दोन-तीन महिने तिला मागच्या बाकावर नुसतं येऊन बसू द्या. की-बोर्डशिवाय गाणी म्हणता येतात, आपले आजी-आजोबा म्हणायचेच.