सिंगापूरचं एस्प्लनेड: तिकीट न काढताही

सिंगापूरला मरीना बेच्या काठावर काटेरी ड्युरियन फळासारखी दिसणारी ती दोन घुमटांची इमारत म्हणजे एस्प्लनेड हे नाट्य-संगीताचं कलाकेंद्र. बरेचजण समोरच्या मर्लायनजवळून (सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या पुतळ्याजवळून) तिचा फोटो काढतात आणि तिकीट महाग असेल म्हणून आत पाऊलच टाकत नाहीत. पण आत शिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट लागतं ते सभागृहांतल्या बहुतेक कार्यक्रमांना.

१. निघण्याआधी एस्प्लनेडच्या वेबसाइटवर त्या दिवसाचे मोफत कार्यक्रम बघा. ते आतल्या कॉन्कोर्समध्ये, म्हणजे मोकळ्या दालनात, किंवा पाण्याला लागून असलेल्या खुल्या रंगमंचावर होतात, शनिवार-रविवारी जास्त. नोव्हेंबरच्या सुमारास जाणार असाल तर 'कला उत्सवम' हा भारतीय कलांचा महोत्सव कधी आहे तेही पाहून ठेवा.

२. दुपारी उन्हातून चालत जाऊ नका. सिटी हॉल एमआरटी (मेट्रो) स्टेशनला उतरा आणि सिटीलिंक मॉलमधून जमिनीखालूनच चालत या. वाटेत एसी आहे, पाऊस आला तरी चिंता नाही.

३. पोहोचल्यावर आधी गच्ची गाठा. मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे आणि अख्खी खाडी समोर दिसते, तीही फुकट. सूर्यास्ताच्या जरा आधी गेलात तर उत्तम, मग खाली येऊन संध्याकाळचा मोफत कार्यक्रम ऐका. खुल्या रंगमंचापुढे पायऱ्यांवर बसायचं असतं, म्हणून पिशवीत एखादी पातळ चादर टाकलेली बरी.

तिकिटाचा कार्यक्रम घेतलाच, तर वेळेआधी पोहोचा. उशीर झाला की कार्यक्रमात मध्ये योग्य विराम येईपर्यंत दाराबाहेर थांबवतात. आत एसी चांगलाच गार असतो, आजी-आजोबांसाठी शाल हवीच.