एका ठेक्याचे तीन उगम : जेफ पोर्कारोचा हाफ-टाइम शफल कसा उलगडावा

एखाद्या ड्रमरवर कोणाचा प्रभाव आहे असे विचारले की उत्तरादाखल बहुधा नावांची यादी मिळते. वाजवणाऱ्याला त्या यादीचा उपयोग थोडाच, कारण प्रभाव राहतो तो हातापायांत. डाव्या हाताने कोणाची सवय उचलली आणि उजव्या पायाने कोणाची, हे वेगवेगळे ओळखता आले तरच तो शिकता येतो. हे ओळखण्याचा सराव करण्यासाठी ‘टोटो’ या अमेरिकन बँडच्या ‘रोझॅना’ या गाण्याइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. हे गाणे १९८२ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चे ग्रॅमी मिळाले. त्यातील ठेक्याची वंशावळ ‘टोटो’चा ड्रमर जेफ पोर्कारो याने स्वतःच एका शिकवणीच्या व्हिडिओत वाजवून दाखवली आहे : ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल (ठोक्याचे तीन भाग करून मधला मोकळा सोडणारी झुलती चाल), ‘लेड झेपेलिन’चा ड्रमर जॉन बॉनमचा शफल आणि पायाशी गायक-गिटारवादक बो डिडलीचा ठेका. त्यामुळे येथे तर्क लढवण्याची गरज उरत नाही. तिन्ही धागे सुटे करून पुन्हा विणणे एवढेच काम शिल्लक राहते.

सुरुवात मोजणीपासून करावी. चार ठोक्यांचे एक आवर्तन घ्यावे आणि प्रत्येक ठोक्याचे तीन समान भाग करावेत, म्हणजे आवर्तनात बारा जागा होतात. तबल्याच्या तालमीत वाढलेल्यांनी यासाठी सरळ ‘तकिट’ म्हणावे. चार वेळा तकिट म्हटले की आवर्तन पूर्ण होते. उजव्या हाताने बंद हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) प्रत्येक तकिटातील ‘त’ आणि ‘ट’ वाजवावेत, ‘कि’ मोकळा सोडावा. हा साधा शफल झाला. स्नेअरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा, मोठा ठोका मात्र दुसऱ्या आणि चौथ्या तकिटावर न देता फक्त तिसऱ्या ‘त’वर द्यावा. एवढ्या एका बदलाने हाताची धावपळ तीच राहूनही चाल निम्म्या गतीची वाटू लागते आणि म्हणूनच तिला हाफ-टाइम शफल म्हणतात. दादरा ऐकत वाढलेल्या कानाला तीनाची विभागणी परकी नसते, पण त्या ओळखीत एक धोकाही आहे. दादऱ्यात तिन्ही मात्रांना आपापले वजन असते, तर येथे मधल्या ‘कि’ला जवळजवळ कुजबुजीइतकेच स्थान आहे.

ही कुजबुज म्हणजे पर्डीचा वारसा होय आणि या लेखातील सर्वाधिक वेळ तिलाच द्यावा लागेल. ‘स्टीली डॅन’ या अमेरिकन बँडच्या १९७७ मधील ‘होम अ‍ॅट लास्ट’ आणि १९८० मधील ‘बॅबिलॉन सिस्टर्स’ या दोन गाण्यांत पर्डीने हा शफल वाजवला आहे. दोन्हींची गती ‘रोझॅना’पेक्षा कमी असल्यामुळे कान प्रथम तेथेच बसवावा. हेडफोन लावून पहिल्यांदा फक्त स्नेअरचा मोठा ठोका ऐकावा, दुसऱ्यांदा त्या मोठ्या ठोक्यांच्या मध्ये काय खुसपुसते आहे ते ऐकावे. त्या खुसपुशीला घोस्ट नोट म्हणतात. ऐकणाऱ्याला ती स्वतंत्रपणे जाणवत नाही, पण काढून टाकली की ठेका लंगडतो. डाव्या हाताने चारही ‘कि’ भरावेत आणि तिसऱ्या ‘त’वर मोठा ठोका द्यावा, असा त्या हाताचा क्रम बसतो : लहान, लहान, मोठा, लगेच लहान, आणि शेवटी लहान.

खरी अडचण त्या ‘लगेच लहान’मध्ये आहे. मूळ ‘रोझॅना’च्या गतीला एक आवर्तन दीड सेकंदाच्या आतच संपते, म्हणजे मोठा ठोका आणि त्याच्या पाठीमागची घोस्ट नोट यांच्यात सेकंदाचा जेमतेम आठवा भाग उरतो. एवढ्या अवधीत काठी खांद्याच्या उंचीवरून खाली आणून पुन्हा हलकी वाजवणे हाताच्या बळावर होत नाही. मोठ्या ठोक्यानंतर काठी वर उडू न देता बोटांनी तिला स्नेअरच्या कातड्याजवळच अडवावे आणि उरलेल्या उसळीवर ती आपसूक दुसऱ्यांदा पडू द्यावी. घोस्ट नोट वाजवताना काठीचे टोक कातड्यापासून इंचभराहून वर जाऊ नये. मी स्वतः कित्येक महिने ही नोट नेटाने ‘वाजवत’ होतो आणि ठेका शिंप्याच्या यंत्रासारखा एकसुरी का होतो याचा विचार करत बसलो होतो. ती पडू द्यायची असते हे फार उशिरा उमगले. फ्लॅटमध्ये राहणारे अनेकजण उशीवर सराव करतात. मनगटात ताकद येण्यासाठी तो ठीक आहे, पण उशीला उसळी नसते, म्हणून या विशिष्ट कामासाठी रबरी पॅडच वापरावे. आरंभी ही एक नोट गाळून उरलेला ठेका स्थिर केला तरी चालते, मात्र ती गाळलेली आहे याची जाणीव ठेवावी.

मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक टिकटिकीला एक तकिट बसवावे. या गतीला ठेका कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच चुका स्पष्ट दिसतात. सलग पाच मिनिटे उजवा हात ताठरला नाही, तरच गती चार-पाच ठोक्यांनी वाढवावी. उजव्या हाताची ‘ट’नंतर लगेच ‘त’ अशी जोडी येते. ती दोन स्वतंत्र फटक्यांनी न वाजवता मनगटाच्या एकाच हालचालीत बसवली तर पुढे हात भरून येत नाही.

दुसरा धागा बॉनमचा. ‘लेड झेपेलिन’च्या १९७९ मधील ‘फूल इन द रेन’ या गाण्यात त्याने हाच हाफ-टाइम शफल आपल्या पद्धतीने वाजवला आहे. त्यात हाय-हॅट मध्येच क्षणभर उघडून मिटतो आणि चालीला एक उसासा मिळतो. ती उघडझाप बॉनमची खास ओळख आहे, पण पोर्कारोपर्यंत पोहोचण्यासाठी तिच्यात अडकू नये. माझ्या मते बॉनमकडून शिकण्याची गोष्ट म्हणजे लहान आणि मोठ्या ठोक्यांतील अंतर. पर्डीचा शफल सैलसर, खट्याळ चालतो. बॉनमच्या हाती तोच शफल रॉक संगीताचे वजन पेलतो, कारण घोस्ट नोट मऊ राहूनही तिसरा ठोका पूर्ण जोराने उतरतो. सरावासाठी एक सोपी युक्ती आहे : आठ आवर्तने घोस्ट नोटशिवाय, नुसता मोठा ठोका जितका भरीव वाजवता येईल तितका वाजवावा, आणि नंतरच्या आठ आवर्तनांत त्याचे वजन तसूभरही कमी होऊ न देता घोस्ट नोट आत सोडाव्यात. बहुतेकांचा मोठा ठोका येथे हमखास दुबळा होतो.

तिसरा धागा पायाचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमचा. बो डिडलीने १९५५ साली आपल्याच नावाच्या गाण्यात जो ठेका रूढ केला, त्याचा साचा क्यूबाच्या संगीतातील क्लाव्हेशी जुळतो : दोन आवर्तनांत पाच ठोके, आधी तीन आणि मग दोन. आपल्या मोजणीत तो असा बसतो. पहिल्या आवर्तनात पहिला ‘त’, दुसऱ्या तकिटातील ‘ट’ आणि चौथा ‘त’. दुसऱ्या आवर्तनात दुसरा ‘त’ आणि तिसरा ‘त’. आधी हा साचा तोंडाने तकिट म्हणत टाळ्यांनी वाजवावा, मग खुर्चीत बसून नुसत्या पायाने, आणि हात त्यानंतरच जोडावेत. हातांचा क्रम एका आवर्तनाचा आणि पायाचा दोन आवर्तनांचा असल्यामुळे काही काळ पाय हातांच्या मागे ओढला जातो. विशेषतः दुसऱ्या तकिटातील ‘ट’ चुकून पुढच्या ‘त’वर घसरतो. शेवटचा ठोका स्नेअरच्या मोठ्या ठोक्याबरोबरच पडतो, तेव्हा दोन्ही आवाज एकजीव झाले पाहिजेत. ते ‘फ्लॅम’सारखे मागेपुढे ऐकू आले तर गती खाली आणावी.

साचा पायात बसल्यानंतर मूळ ‘रोझॅना’ लावावे आणि फक्त बेस ड्रमचा माग काढावा. पोर्कारोने बो डिडलीचा आराखडा घेतला आणि गाण्याच्या गरजेनुसार त्यात भर घातली, म्हणून आपण शिकलेला साचा कोठे जुळतो आणि कोठे तो वेगळा वाजवतो, हे दोन-दोन आवर्तने थांबवून वहीत टिपावे. तयार नोटेशन इंटरनेटवर मुबलक मिळते, पण ते आधी पाहिले तर हा व्यायाम वाया जातो. या टिपणांतच पोर्कारो सापडतो, कारण तिन्ही उगमांतून जे येत नाही ते त्याचे स्वतःचे.

असे ऐकण्याची सवय त्याला कामातूनही लागली असावी. तो ‘स्टीली डॅन’साठी वाजवत असे, ज्या ‘गाउचो’ अल्बममध्ये पर्डीचे ‘बॅबिलॉन सिस्टर्स’ आहे, त्याच अल्बमच्या शीर्षकगीतावर ड्रम पोर्कारोचे आहेत. त्याआधी १९७५ च्या ‘केटी लाइड’ अल्बमच्या वेळी ‘युअर गोल्ड टीथ टू’ या अवघड गाण्याची लय त्याला सापडत नव्हती, तेव्हा ‘स्टीली डॅन’च्या डोनाल्ड फेगनने त्याला डॅनी रिचमंड हा ड्रमर असलेली जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसची रेकॉर्ड ऐकायला दिली होती. हाफ-टाइम शफल हातात बसल्यानंतरचा पुढचा अभ्यास म्हणून ही जोडी उत्तम आहे : आधी मिंगसच्या गटातील रिचमंड ऐकावा, मग ते गाणे, आणि उजव्या हातातील राइड झांजेपासून तपास सुरू करावा.