पद्मिनीचं 'मिसिंग' : माझा अनुभव

कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसी इंजिनाची माझी प्रीमियर पद्मिनी गाडी पावसाळा लागला की सकाळी सेल्फवर नुसती कुरकुरायची. चोक ओढून एकदाची सुरू झाली तरी थडथडायची, म्हणजे 'मिसिंग' : एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही. अशा वेळी जो तो पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला दोष देतो. पण बिघाड फक्त दमट हवेतच येत असेल तर आधी स्पार्क प्लगला जाणारा करंट तपासावा, या मताचा मी आहे.

इंजिन चालू ठेवून, जाड रबरी हातमोजे घालून एकेक प्लगवायर काढली. एक आणि दोनची काढली की इंजिन लगेच बसायचं. तीन आणि चारची काढून फारसा फरक नाही, म्हणजे हेच दोन सिलिंडर काम करत नव्हते. शेजारचे दोन सिलिंडर म्हटल्यावर हेड गॅस्केटची (सिलिंडरांवरचं सील त्यांच्यामध्ये फाटल्याची) शंका येतेच, पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही ठिकाणी जवळपास सारखं निघालं.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे तीन आणि चार डेल्कोच्या (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपमध्येही शेजारीच! कॅप उलटी करून टॉर्च मारला, तर त्या दोन टर्मिनलांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. ओल धरली की तीनचा करंट त्या रेघेवरून चारकडे पळायचा. चारचा पिस्टन तेव्हा खाली, दाब कमी, त्यामुळे ठिणगी तिथे सहज पडते.

रेघ खरवडून काही दिवस निभतं, पुन्हा उमटतेच. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर नवे घातले, डेल्कोतल्या पॉइंटचा (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजून लावला. कार्ब्युरेटरचा स्क्रूसुद्धा हलवला नाही. आता भर पावसात अर्ध्या चोकवर गाडी सुरू होते.