बर्फात आणि वाळूत उभ्याची ई-स्कूटर कशी चालवायची

दर ऑक्टोबरला म्युनिकमधे मास्टर्सला नवी पोरं येतात, आल्याआल्या सेकंडहँड ई-स्कूटर घेतात, म्हणजे आपल्याकडची बसून चालवायची नाही, ही उभं राहून चालवायची, घडी घालून जिना चढवता येते ती. महिनाभर मजेत फिरतात आणि पहिला बर्फ पडला की मेसेज सुरू, "दादा, बर्फात चालते का हो?" चालते. पण कशी ते दर वेळी फोनवर सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. वाळूचंही यातच उरकतो, कारण दोन्हीकडे घोळ एकच आहे.

घोळ असा की चाक लहान. सायकलचं चाक २६-२८ इंची असतं, आपलं साडेआठ नाहीतर दहा. सायकल ज्या ढेकळावरून नुसती उसळी मारून जाते तिथे आपलं चाक अडतं, आणि आपण उभे असल्यामुळे वजन सगळं वर, पुढचं चाक अडलं की हँडलवरून थेट पुढे. त्यात आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. लोक जाड बर्फाला आणि जाड वाळूला घाबरतात. अरे, जाड थर फक्त थांबवतो, गाडी रुतते, आपण उतरतो, विषय संपला. पाडतो तो पातळ थर. खाली टणक डांबर आणि वर अर्धा सेंटीमीटर काहीतरी सुटं, तेही दिसेल न दिसेल असं, तिथे माणूस पूर्ण स्पीडने जातो आणि आपटतो.

आता स्कूटर घरातच उलटसुलट करून बघा. मोटर कुठल्या चाकात आहे? ज्या चाकाच्या मधोमध जाड डबा दिसतो त्यात. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलला ती पुढच्या चाकात असते, आणि निसरड्यावर हेच सगळ्यात वाईट, कारण तेच चाक ओढणार, तेच वळणार, ते जागच्या जागी फिरलं की हँडल नुसतं नावाला. मागच्या चाकात मोटर असेल तर घसरताना शेपूट हलते, पोटात गोळा येतो पण सावरता येतं. अजून घेतली नसेल तर मागची मोटर, दहा इंची चाक आणि हवेचा टायर बघून घ्या. भरीव रबराचे टायर पंक्चर होत नाहीत हे खरं, पण थंडीत ते दगड होतात आणि ग्रिप मिळत नाही.

मग ब्रेक. जर्मनीत दोन स्वतंत्र ब्रेक असावेच लागतात, पण कितीतरी स्कूटरना लिव्हर एकच असते आणि ती ओढली की मागे डिस्क आणि पुढे मोटर दोन्ही एकदम लागतात. आपली लिव्हर नक्की कुठलं चाक पकडते ते कोरड्या पार्किंगमधे चालवून समजून घ्या, बर्फात शिकायला जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर काय होतं ते बघा. बहुतेक स्कूटरमधे अंगठा उचलला की मोटरच ब्रेकचं काम करते आणि तेवढीच बॅटरी चार्ज होते. ॲपमधे याचं सेटिंग असतं, कमी-मध्यम-जास्त. हिवाळ्यात ते कमीवर ठेवा.

हे मला माझ्या डाव्या मनगटाने शिकवलं. जानेवारीतली सकाळ, रात्री पाऊस होऊन गेलेला, रस्ता नुसता ओला दिसत होता आणि घरापासून इझार नदीपर्यंत ग्रिप मस्त मिळाली होती. राइशनबाख पुलावर चढलो, पुढे एक माणूस कुत्रा घेऊन सायकलच्या पट्टीत आला म्हणून मी नुसता अंगठा उचलला. ब्रेकला हातही लावला नाही. माझी पुढच्या मोटरची जुनी गाडी, सेटिंग जास्तवर, पुढचं चाक एकदम जड झालं आणि काय होतंय ते कळायच्या आत डावीकडे सटकलं. रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते, पुलाच्या खाली नुसती गार हवा, म्हणून पूल आधी गोठतो हे शाळेत वाचलं होतं बहुतेक. एक आजीबाई धावत आल्या, "आल्लेस गूट?" म्हणजे सगळं ठीक ना, आणि मी सवयीने "या या, आल्लेस गूट" म्हणून मोकळा, मनगट मोडलेलं असताना. सहा आठवडे प्लास्टर आणि एका हाताने टायपिंग.

तेव्हापासून निघायच्या आधी एक साधी टेस्ट करतो. गेटबाहेर येऊन बुटाचा तळवा जमिनीवर जोरात घासतो. बूट सरकला तर स्कूटरही सरकणार, मग ती परत वर. हीच टेस्ट वाटेत सावलीच्या गल्लीत आणि पुलाच्या तोंडाशी उतरून पुन्हा करायची, लोक बघतात, बघू देत.

बर्फ बर्फात फरक असतो. ताजा भुसभुशीत दोन-तीन सेंटीमीटर आणि खाली स्वच्छ डांबर असेल तर हळू चालवता येते, टायर कापत जातो, करकर आवाज येतो, छान वाटतं खरंतर. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बर्फ वितळून झालेला राखाडी चिखल चालतो, फक्त त्याच्याखाली गटाराचं झाकण आहे की खड्डा ते दिसत नाही. पण लोकांच्या पायांनी आणि टायरांनी दाबून चकचकीत झालेला बर्फ, किंवा संध्याकाळी पुन्हा गोठलेला चिखल, ज्यात सायकलींच्या चाकोऱ्या कडक होऊन बसतात, तिथे गुपचूप उतरा. चाकोरीत लहान चाक गेलं की बाहेर काढता येत नाही. आणि गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडून जो आरशासारखा थर होतो, ज्याला इथे ब्लिट्झआइस म्हणतात, त्या दिवशी स्कूटरचं नावही काढू नका, चालतानासुद्धा पेंग्विनसारखं चालावं लागतं. २ डिसेंबर २०२३ ला म्युनिकमधे चाळीस सेंटीमीटरच्या वर बर्फ पडून अख्खं शहर बंद पडलं होतं, तसल्या दिवशी उलट कोणी पडत नाही, कारण कोणी निघतच नाही.

चालवताना मोड सगळ्यात खालचा, स्पीड दहा-बाराच्या आत. कायद्याने २० ची मुभा आहे म्हणून २० ने जायचं नसतं. पायाने दोन-तीन ढकल्या मारून मगच थ्रॉटल, तोही जखमेला मलम लावतो तसा. गुडघे सैल, कोपरं सैल, हँडल आवळून धरायचं नाही. आणि घोकून लक्षात ठेवायचं ते असं की एका वेळी एकच काम, वळायचं असेल तर वळण्याच्या आधी सरळ रेषेत स्पीड कमी करून घ्या, वळताना ना थ्रॉटल ना ब्रेक, आणि अंग झुकवायचं नाही, सरळ उभं राहून मोठा वळसा घ्यायचा. ब्रेक मागचा, हलके हलके टोचून. चाक सटकलंच तर सगळं सोडा आणि सरळ बघा, लिव्हर गच्च दाबायचा मोह होतो, तो आवरा. ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, बर्फाने भरलेली फट दिसत नाही आणि आपला टायर बरोब्बर त्या फटीत बसायच्या मापाचा असतो. सायकलची पट्टी बर्फाने भरलेली असेल तर फुटपाथवर चालवायला परवानगी नाही, पण उतरून ढकलत नेलं की तुम्ही पादचारी, मग कोणी काही म्हणत नाही.

आणि हो, वाटेत हवा बिघडली तर गाडी घडी घालून यू-बानमधे, म्हणजे मेट्रोत, बसू असा प्लॅन करू नका, म्युनिकमधे यू-बान, ट्राम आणि बसमधे ई-स्कूटर न्यायला जानेवारी २०२४ पासून बंदी आहे, बॅटरीच्या आगीच्या भीतीने. म्हणून बॅगेत कायम एक जाड लॉक ठेवा, गाडी तिथेच बांधून माणसाने घरी जावं. ख्रिसमस मार्केटमधे ग्लूवाइन, म्हणजे मसाल्याची गरम वाइन, घेतली असेल तरीही हेच, कारण इथे ही मोटरगाडीच धरतात, दारूची मर्यादा कारवाल्यांचीच, रक्तात हजारी ०.५, आणि २१ च्या आत असाल तर शून्य.

टायरची हवा घराबाहेर मोजा. घरात २० डिग्रीला ४० पीएसआय भरली तर बाहेर शून्याला ती आपोआप साडेतीन-चारने उतरते. ट्यूबलेस दहा इंचीत याहून थोडी कमी ठेवली तर टायर जास्त पसरतो आणि पकड वाढते, पण कंपनीने दिलेल्या आकड्याच्या फार खाली नको, ट्यूबवाल्या साडेआठ इंचीत तर अजिबातच नको, ट्यूब रिमखाली चिमटून फाटते आणि ती बदलणं म्हणजे नखं उपटून घेणं आहे. खिळ्यांच्या टायरचं बरेच जण विचारतात, जर्मनीत सायकलला चालतात, कारला चालत नाहीत, आणि आपल्या स्कूटरची परवानगी ती जशी कंपनीतून आली तशीच असते, त्यामुळे मी त्या फंदात पडलो नाही.

आता वाळू. म्युनिकमधे कुठली वाळू म्हणाल, तर इथे फुटपाथवर आणि सायकलच्या पट्टीवर सहसा मीठ टाकत नाहीत, स्प्लिट टाकतात, म्हणजे बारीक टोकदार खडी. बर्फात ती वरदान आहे, थरात रुतून बसते आणि ग्रिप देते. पण मार्चमधे बर्फ जातो आणि खडी तशीच राहते, ऊन पडलेलं असतं, आपण खूश होऊन स्पीड वाढवलेला असतो, आणि वळणावर ती सगळी एका कडेला गोळा झालेली असते. फरशीवर साबुदाणा सांडलाय आणि तुम्ही मोजे घालून पळताय, अगदी तसं होतं. झाडायची गाडी येऊन जाईपर्यंत प्रत्येक वळण पायी चालायच्या स्पीडनेच.

आपल्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर हेच. गुहागरला गावाकडे गेलो होतो तेव्हा आत्येभावाने असलीच एक स्कूटर पोरासाठी घेतलेली, २५० वॉटच्या आतली आणि २५ च्या आत पळणारी, म्हणून लायसन्स-पासिंगची भानगड नाही. पुळणीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सुरूच्या झाडांखाली वाऱ्याने वाळू आलेली असते, बोटभरही नाही, तिथे पोरगं दोनदा पडलं, आणि त्याच्या बापाला काळजी होती ती पुढच्या जाड वाळूची! असा पट्टा दिसला की पट्ट्याच्या आधी स्पीड कमी, पट्ट्यावर हँडल सरळ, थ्रॉटल एकसारखा, ब्रेक पट्टा संपल्यावर.

नंतर भाऊ स्वतः ती घेऊन कोरड्या वाळूत घुसला. दहा पावलं गेली असेल. चाक रुतलं, हा थ्रॉटल दाबून धरतोय, मोटर नुसती कण्हतेय, मग करपल्याचा वास. रुतलेल्या गाडीला थ्रॉटल द्यायचा नाही हो, मोटर फिरू शकत नाही तेव्हा करंट सगळा उष्णता होऊन वायरी आणि कंट्रोलर भाजतो. उतरायचं, उचलायची, चालत बाहेर. जाड वाळूचा चारदोन हातांचा छोटा पट्टा पार करायचाच असेल तर आधी थोडा वेग घ्या, वजन मागच्या पायावर टाका म्हणजे पुढचं चाक वाळूवर तरंगतं, आणि मधे थांबू नका. ओहोटीची ओली घट्ट वाळू चाकाला छान वाटते आणि त्यामुळेच फसवते, ते खारं पाणी बेअरिंगमधे गेलं की महिन्याभरात करकर सुरू. तसंही पुळणीवर गाडी नेऊच नये, नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास गुहागर, वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात आणि वरून काही दिसत नाही. गोव्यात तर बीचवर गाडी घातली की पोलीस सरळ गुन्हा नोंदवतात.

अंगावर काय घालायचं ते पटकन सांगतो. हेल्मेट, जर्मनीत सक्ती नसली तरी. हातमोजे पाच बोटांचे, जाड पिशवीसारखे घातले तर लिव्हर जाणवत नाही. स्केटिंगवाल्यांचे मनगटाचे गार्ड पंधरा-वीस युरोत मिळतात, मी ते प्लास्टर निघाल्यावर घेतले. डिसेंबरात साडेचारला अंधार होतो, तेव्हा दिवे पुसलेले हवेत.

घरी आल्यावर लगेच चार्जरला लावू नका. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते, म्हणून तास-दोन तास खोलीत राहू द्या, पण हीटरला चिकटवून नाही. रेंज थंडीत कमी होतेच, माझी २५ ची अठरा-एकोणीसवर येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मीठ आणि वाळू ओल्या फडक्याने पुसा, पाइपने धुवू नका, वॉटरप्रूफ लिहिलेलं शिंतोड्यांसाठी असतं. घडीच्या सांध्यातली वाळू जुन्या टूथब्रशने काढा आणि डिस्कला चुकूनही तेल लावू नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसतंय ना ते बघा, माझं एकदा तुटलं होतं, तेव्हा फुग्याचा तुकडा आणि रबरबँड लावून अख्खा फेब्रुवारी काढला.